हत्तीपुढचं प्यादं

सिमेंटवाल्या शेठनी हत्तीपुढचं प्यादं उचललं, दोन घरं पुढे ठेवलं आणि फोटोवाल्याकडे बघून हसले. सभागृहातल्या एकशे चाळीस खेळाडूंनी शिस्तीत टाळ्या वाजवल्या. पहिल्या पटावर पांढरी घेऊन बसलेला ग्रँडमास्टर टाळ्या संपेपर्यंत थांबला. मग त्यानं दोन बोटांनी ते प्यादं उचलून परत जागेवर ठेवलं, घराच्या मधोमध सरकवलं, राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे घेतलं आणि घड्याळाची कळ दाबली.

मागच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. शेठही हसतच उभे होते, पण त्यांचे कान लाल झाले होते.

उद्घाटनाच्या पाहुण्यानं पहिल्या पटावर पहिली चाल करायची, ही बुद्धिबळाच्या स्पर्धांतली जुनी रीत. चाल मात्र खेळाडूची. पाहुण्याचा नुसता हात. म्हणून पाहुण्यानं आधी वाकून हळूच विचारायचं, "कुठलं हलवू?" खेळाडू सांगतो, पाहुणा हलवतो, फोटो निघतो आणि सगळ्यांची अब्रू शाबूत राहते. हे पाहुण्याच्या कानात सांगायचं काम स्पर्धा भरवणाऱ्या प्रेसवाल्या बाईंचं. गेली सहा वर्षं त्या ते न चुकता करत होत्या. या वर्षी नेमक्या त्याच वेळी त्या सातव्या रांगेत वाकून एका बंद पडलेल्या घड्याळात बॅटरी घालत होत्या. टाळ्या ऐकून मान वर केली, तोवर प्यादं परत जागेवर चाललेलं.

स्पर्धा त्यांच्या नवऱ्यानं सुरू केलेली. नवऱ्यामागे छापखाना चालेल, स्पर्धा बंद पडेल, असं गाव म्हणत होतं. सहा वर्षं झाली, गाव अजून म्हणतंय. बाईंना स्वतःला खेळ बेताचाच येतो; घोडा अडीच घरं जातो इथवर ठीक, पुढचं पंचांवर सोडतात. पण बुद्धिबळाच्या स्पर्धेचा पैसा कसा चालतो ते त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नाही. आधी बक्षिसांचे आकडे घालून पत्रक छापायचं, कारण पत्रक बघितल्याशिवाय खेळाडू गाडीचं तिकीट काढत नाही. खेळाडूंची नावं आल्याशिवाय प्रायोजक दारात उभं करत नाही. आणि प्रायोजक पैसे देतो ते सगळ्यात शेवटी, सभागृहाचं भाडं, पंचांचं मानधन आणि मोठ्या खेळाडूंच्या खोल्या भरून झाल्यावर. बाकीचे आयोजक म्हणूनच पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात 'बक्षिसांत बदल करण्याचा हक्क राखीव' असं टाकतात. बाईंनी आपल्या पत्रकावर त्या जागी ठळक अक्षरात छापलं होतं, 'सर्व बक्षिसे निश्चित'. हौस दांडगी, दुसरं काय!

सभागृहामागच्या खोलीत जादा घड्याळांची खोकी आणि चाली लिहायच्या वह्यांचे गठ्ठे होते. शेठ एकुलत्या एका खुर्चीत बसले. बाईंचा धाकटा दीर, म्हणजे स्पर्धेचा खजिनदार, पाण्याचा पेला घेऊन त्यांच्याशेजारी उभा राहिला.

"चूक माझी आहे," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. हात जोडून माफी मागते."

"माफी घेऊन काय करू?" शेठचा आवाज चढला नव्हता; चढला असता तर बरं झालं असतं. "एवढ्या लोकांसमोर त्यानं माझं प्यादं उचलून मागे ठेवलं."

"फोटोत पुढेच दिसेल की," दीर म्हणाला.

"आणि जे हसले ते?"

शेठ काही वाईट माणूस नव्हता. तिशीपर्यंत पाठीवर गोणी वाहिलेला, नंतर गोण्यांचा मालक झालेला. आपल्याला कोण कुठून हसतंय हे त्यांना लांबूनही ऐकू यायचं. बाईंना त्यांचं खरंच वाईट वाटलं.

"असं करू या," दीर म्हणाला. त्याला युक्त्या नेहमी पाण्याचा पेला हातात असतानाच सुचतात. "उद्या सकाळच्या फेरीत त्याला बहुतेक पुन्हा पांढरीच येतील. शेठ पुन्हा येतील, हेच प्यादं हलवतील, आणि या वेळी तो ती चाल तशीच ठेवेल. नियमात बसतं, वहिनी. खेळाडूला वाटेल ती चाल तो खेळू शकतो."

शेठनी मान डोलावली. आतल्या खिशातून चेकचं पाकीट काढून खोक्यावर ठेवलं आणि त्यावर बोट तसंच राहू दिलं.

"मी जबरदस्ती करत नाही, बाई. तुम्ही फक्त त्याला विचारा. नाही म्हणाला तर माझं काही म्हणणं नाही. चेक तरीही तुमचा. नुसतं विचारायला काय जातं?"

विचारायला खरंच काही जात नव्हतं, आणि तिथंच तर गोची होती. बाईंनी पाकिटाकडे बघितलं. साडेचार लाख. खोकं त्यांच्या छापखान्यातलंच होतं, पत्रकांचं. वर चिकटवलेल्या नमुन्यावर ठळक अक्षरं अर्धी दिसत होती. भिंतीपलीकडून घड्याळांच्या कळांचा खटखटाट येत होता.

"नाही विचारणार," त्या म्हणाल्या.

"अहो, का?"

"डाव त्याचा आहे, शेठ."

"आणि पैसे कुणाचे?"

"अजून तरी तुमचेच. बोट उचललंय कुठे तुम्ही?"

दिराला ठसका लागला. पाणी शेठसाठी आणलेलं, प्यायला तोच. शेठनी पाकीट उचललं, घडी बिघडू न देता खिशात घातलं आणि दारापर्यंत जाऊन वळले.

"आता स्पर्धा कशी पार पाडता तेच बघतो."

"बघा की. दुसरी फेरी तीन वाजता आहे. प्रेक्षकांना प्रवेश मोफत."

शेठची गाडी फाटकाबाहेर पडली. मग मात्र दिराच्या तोंडाचा पट्टा सुटला.

"माणसानं अंथरूण पाहून पाय पसरावेत, वहिनी! एक प्रश्न विचारायचा होता. एक! तो हो म्हणाला असता, चेक मिळाला असता, विषय संपला असता. आता बक्षिसं कुठून देणार? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मी आत्ता माइकवर सांगतो, बक्षिसं निम्मी. लोक समजून घेतील."

"छापलंय, भाऊजी."

"छापलंय तर छापलंय! आपण काय सरकार आहोत?"

"सरकार असतो तर दुरुस्तीपत्रक काढलं असतं. मी छापखाना चालवते. माझ्याकडचं छापलेलं खोटं निघालं, तर उद्या कोण येईल माझ्याकडे?"

"कोण येतंय तसंही? त्या जुनाट मशीनपायी निम्मी गिऱ्हाइकं शेजाऱ्याकडे गेली!"

हे मात्र लागलं, कारण ते खरं होतं. कागद कापायचं मशीन इतकं जुनं झालं होतं की शंभरातले आठ-दहा कागद तिरके कापले जायचे. नव्या मशीनसाठी बाईंनी चार वर्षं पै पै करून रक्कम बाजूला टाकली होती. पुढच्या सोमवारी मशीन यायचं होतं. त्याची जागासुद्धा खडूनं आखून झाली होती.

त्यांनी पदर खोचला, मोबाइल काढला आणि दिरासमोरच मशीनवाल्याला फोन लावला.

"मशीन या वर्षी नको... हो, रद्दच करा... नाही, दुसरीकडून नाही घेत. पातं धार लावून घेते, काढेल अजून एक वर्ष."

मशीनवाला बराच वेळ बोलत राहिला. बाई "हं, हं" करत राहिल्या. फोन ठेवल्यावर त्यांना रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग, आणि राग आला की त्यांचे हात चालतात. त्यांनी खोलीच्या कोपऱ्यातली शिडी उचलली.

"आता कुठे?" दीर घाबरून म्हणाला.

"सभागृहातला शेठचा फलक काढायला. पैसे न घेता जाहिरात करायला मी काय खुळी आहे? आणि तोंड बंद करा, मी देणार म्हटलं की देणार. तीनच्या फेरीआधी माइकवर मी स्वतः सांगते. प्रायोजक गेला, बक्षिसं आहेत तेवढीच आहेत. ज्याला भरवसा नसेल त्यानं प्रवेश फी परत घेऊन जावं."

"अर्धे जातील."

"जाऊ देत. उरतील त्यांना रांगेत जागा जास्त."

दुपारी दीडला सभागृह रिकामं झालं होतं. बहुतेक खेळाडू जेवायला गेले होते, काही भिंतीशी बसून संपलेला डाव पुन्हा मांडून एकमेकांशी भांडत होते. बाईंनी वीस फुटी फलकाची एक बाजू सोडली, पण कापड जड. दुसरी बाजू ओढली गेली आणि शिडी डुगडुगली. कुणीतरी खालून धरली. पहिल्या पटावरचा ग्रँडमास्टर होता.

पस्तिशीचा, दाढी वाढलेला माणूस. बक्षिसांवरच जगायचा, दोन रात्री गाडीत बसून आला होता आणि छापखान्याच्या वरच्या खोलीत राहत होता. त्यानं काही न विचारता दुसरी शिडी आणली, वर चढून पलीकडची बाजू सोडवली. दोघांनी फलक उलटा केला. सिमेंटची गोणी आणि शेठचं नाव भिंतीकडे गेलं, कोरं पांढरं कापड सभागृहाकडे आलं.

"माझ्यामुळे गेले ना ते?" त्यानं विचारलं.

"कोण म्हणालं?"

"तुमच्या दिरांनी सांगितलं. जेवताना."

"त्यांच्या पोटात काही राहत नाही."

तो दोरीची गाठ मारत राहिला. मग काही तरी मनात मांडून बघितल्यासारखा थांबला.

"हत्तीपुढचं प्यादं तसं वाईट नाही," तो म्हणाला. "थोडं विचित्र दिसतं एवढंच. त्यानं डाव काही जात नाही. मला एकदा विचारलं असतंत, तर ठेवली असती मी ती चाल."

"माहीत होतं."

"मग?"

बाईंनी दोरी दातात धरली होती. ती काढून त्यांनी त्याच्याकडे बघितलं.

"माझ्या घरात राहता, माझ्याकडे जेवता, पुढच्या वर्षीचं बोलावणंही माझ्याच हातात. तुम्ही नाही म्हणूच शकला नसता," त्या म्हणाल्या. "म्हणूनच नाही विचारलं."

तो शिडीवर उभा राहून त्यांच्याकडे बघत राहिला. भिंतीशी बसलेल्यांपैकी कुणीतरी "घोडा परत घे, घोडा!" म्हणून ओरडत होतं.

"तुमच्याकडून कापड खाली आलंय," बाई म्हणाल्या. "जरा वर घ्या."