झाकण कोण आपटणार?

पडद्यावरच्या नकाशावर लाल ठिपका उमटला आणि अख्खं सभागृह पुढे सरसावलं.

"बघा," केसलर म्हणाला. "तिकडे बागेत तुमच्या पोलिसांनी आत्ता प्रात्यक्षिकाची गोळी झाडली. खांबावरच्या आमच्या मायक्रोफोननी, आमच्या कानांनी, ती ऐकली. तुमचा हात फोनकडे जायच्या आधी."

केसलर कंपनीचा माणूस. कोट निळा, आवाज मधाळ. "या कानांना झोप नाही, भीती नाही, माणसाच्या कातडीचा रंग दिसत नाही. अचूकता शंभरात सत्त्याण्णव."

"आमेन," मागून इडाबाई म्हणाल्या. त्यांचा नातू गेल्या उन्हाळ्यात गोळीने गेला. त्यांना हसायची आमची हिंमत नव्हती.

हे कान विकत घ्यायचे का, ते नगरपरिषद आज ठरवणार होती. चाचणीपुरते ते आमच्या पूर्व भागात आधीच टांगले होते. त्या चाचणीतच सेड्रिक मेब्री पकडला गेला. शाळकरी पोरगा, चर्चमागे कचरा टाकत होता. पोलिसांच्या गाड्या आल्या, तो घाबरून पळाला. बंदूक सापडली नाही, काडतूस सापडलं नाही. तरी तो तुरुंगात, कारण यंत्राने गोळी ऐकली होती. सोमवारी न्यायाधीशांसमोर सुनावणी. परिषदेने यंत्र घेतलं की सरकारी वकील म्हणणार, बघा, शहराचाही यावर विश्वास आहे.

नागरिकाला बोलायला दोन मिनिटं, मग घंटी. आपली मिनिटं दुसऱ्याला देता येतात. एवढंच आमचं शस्त्र.

"मी व्हर्ना टॉलिव्हर, विज्ञान शिकवते. सेड्रिक माझ्या वर्गातला. मिस्टर केसलर, आजची गोळी कुठे झाडणार, हे तुमच्या लोकांना आधी माहीत होतं?"

"पूर्वसूचना असतेच, मॅडम."

"आणि ठिपका यंत्रच काढतं?"

"यंत्र आवाज पकडतं. आमच्या कार्यालयातला तज्ज्ञ ऐकून खात्री करतो."

"म्हणजे परगावी हेडफोन लावून बसलेला माणूस ठरवतो. आज गोळी येणार हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवशी कचराकुंडीचं लोखंडी झाकण पडलं, हे मात्र त्याला..."

टिंग.

"ठाऊक नव्हतं," रांगेतला पुढचा माणूस, न्हावी ऑर्विल गेन्स, म्हणाला. "माझी मिनिटं टॉलिव्हरबाईंना."

केसलर हसला. "मॅडम, शंका कशाला? करून बघा. आत्ता कुणालातरी फोन करा, तेच झाकण आपटायला सांगा. बघू ठिपका येतो का."

लोक हसले. अध्यक्षही हसले.

"कोणाला पाठवू?" टॉलिव्हरबाईंनी विचारलं.

"कोणालाही."

"नाव सांगा. ठिपका आला तर तिथे गाड्या जातील, बंदुका रोखून. त्या झाकणापाशी कोणाला उभं करू? ऑर्विलला? पास्टरांना? की तुम्ही जाता?"

हसू जागच्या जागी विरलं. पोलीसप्रमुख आपल्या बुटांकडे बघत राहिले.

पाण्यावर चालणाऱ्या बुवाची परीक्षा घेतली तर बुवा बुडतो. इथे परीक्षा घेणारा मरतो.

"बरं, मग साधंच विचारते. पोलीस पोचले, काहीच सापडलं नाही. मग?"

"गोळी झाडणारा पळाला असणार."

"ती तुमची चूक धरत नाही?"

"तक्रार आली तरच चूक."

"नाही आली तर?"

"तर बरोबर."

बाई प्रमुखांकडे वळल्या. "साहेब, रिकाम्या हाताने परतलात की तक्रार करता?"

"दर वेळी? मॅडम, आम्हाला कामं असतात."

टिंग.

सत्त्याण्णव आले ते इथून. मुलगा होईल म्हणून अंगारा देणाऱ्या बाबाकडे मुलगा झालेले पेढे घेऊन येतात. मुलगी झालेले फिरकत नाहीत. बाबाच्या हिशेबी जगात मुलगेच जन्मतात.

सेड्रिकची आई लोरेन उभी राहिली. ती शाळेत मुलांना जेवण वाढते.

"माझी तक्रार लिहून घ्या."

"बाई, तक्रार ग्राहकाने करायची असते," केसलर हळू आवाजात म्हणाला. "ग्राहक पोलीस खातं आहे."

"माझा पोरगा आत आहे."

"वाईट वाटतं मला. पण पद्धत तशीच आहे."

उरलेला वेळ ती माइकसमोर नुसती उभी राहिली.

टिंग.

पाच विरुद्ध चार. यंत्र घेतलं.

पायऱ्यांवर इडाबाई म्हणाल्या, "निदान आमचं कुणी ऐकतंय तरी."

"ऐकतंय, इडामावशी," टॉलिव्हरबाई म्हणाल्या. "पण नातवाला मारणारा अजून सापडलाय का?"

इडाबाईंनी मान हलवली. नाही.

सोमवारी सेड्रिकच्या वकिलाने केसलरचं 'तक्रार आली तरच चूक' हे उत्तर, सभेत ध्वनिमुद्रित झालेलं, न्यायालयात ऐकवलं. न्यायाधीशांनी ते दोनदा ऐकलं आणि पुढची तारीख दिली. सेड्रिक अजून आतच आहे.

म्हणून सांगणं एवढंच. चमत्कार अंगाऱ्याचा असो की तारांचा, दाखवणाऱ्याला त्याच्या यशाचा आकडा विचारू नका. तो पाठ असतो. तुमची चूक झाली हे तुम्हाला कसं कळतं, आणि ते कोण सांगू शकतं, एवढं विचारा. आकड्यापुढे हात जोडायच्या आधी विचारा. आम्ही विचारलं तोवर कान टांगून झाले होते.

आमच्या भागात आता कुणी दार आपटत नाही. फुगा फुटला की आया पोरांना आत ओढतात. चर्चमागे कचरा टाकायला आता लोरेन जाते. कुंडीचं झाकण ती दोन्ही हातांनी धरते आणि निजलेल्या पोरावर पांघरूण घालावं तसं हळूच खाली ठेवते.