हाच साइज की सगळे

माझ्या थोरल्या लेकीला जुळं झालं त्या वर्षीची गोष्ट. तिचं रक्त फार गेलं होतं. माझा धाकटा तिला रक्त देऊन दवाखान्याच्या बाकड्यावर बसला होता, कोपराशी कापूस दाबून. तेवढ्यात जावयाचा फोन आला. मला वाटलं, बायकोची चौकशी करतोय.

जावई व्हॉल्व्हच्या कारखान्यात ड्रॉइंग खात्याचा साहेब, आणि धाकटा त्याच्याच हाताखाली. जावयाचा आवाज मुळात मोठा, शेजारी बसून सगळं ऐकू येत होतं.

"तुझ्या मशीनचा पासवर्ड सांग. सगळ्यात मोठ्या व्हॉल्व्हच्या बोल्टचं भोक गिऱ्हाइकाला जरा सैल हवंय."

"दाजी, मी उद्या येऊन करतो ना. ताईला आत्ताच आत नेलंय."

"उद्या कशाला? भोक सैल करायला मुहूर्त लागतो का?"

धाकट्याने पासवर्ड सांगितला. "पण कॉम्प्युटर विचारेल, फक्त हाच साइज की सगळे. खूण आधीपासून 'सगळे'वर असते. ती काढून मग..."

"आता तू मला शिकव!" म्हणून फोन बंद. थोरलीचं नावसुद्धा निघालं नाही.

मी शिंपी, त्यामुळे धाकट्याचं काम मला लवकर समजलं होतं. आम्ही एकदा कागद बेतून ठेवतो आणि त्यावरून लहानमोठे सदरे कापतो. त्याने तेच कॉम्प्युटरवर केलं होतं. फाइल एकच, तिच्या पोटात सगळे साइज. कुणाला चार भोकं, कुणाला आठ, कुणाला पाय, कुणाला नाही. नाव निवडलं की तो व्हॉल्व्ह पडद्यावर उभा. यात त्याची दोन वर्षं गेली. खात्यातले म्हणायचे, "लग्नाआधीच शंभर पोरांचा बाप!" त्याला ते आवडायचं.

जावयाने न बघता बटण दाबलं. सगळ्याच साइजची भोकं तेवढी सैल झाली, नकाशे आपोआप बदलले आणि तसेच खाली यंत्रांवर गेले. लहान व्हॉल्व्हमध्ये बोल्ट खुळखुळायला लागले. सदरा सैल झाला तर आत घेता येतो. लोखंडात पाडलेलं भोक आत घेता येत नाही. सगळा माल भंगारात गेला.

चौकशी लागली, तिच्या आदल्या दिवशी जावई घरी आला. चहाला हात न लावता म्हणाला, "फाइल तुझ्या नावावर, मशीन तुझं. चुकून झालं म्हण. तुला फार तर समज देतील. मला मात्र घरी बसवतील."

मी म्हटलं, "जावईबापू, तो तेव्हा तुमच्या बायकोला रक्त देत होता. मी शेजारी होतो."

"बाबा, तुम्ही आपलं कापड बघा."

धाकट्याने एवढंच विचारलं, "ताईला ठाऊक आहे?"

"ओली बाळंतीण ती. तिच्या डोक्याला कशाला ताप?"

जावई गेल्यावर मी टेप गळ्यातून काढून फेकला. "उद्या मी येतो तुझ्याबरोबर. त्या दिवशी तू दवाखान्यात होतास, एवढं सांगितलं तरी पुरे आहे."

"आणि मग? दोन तान्ही पोरं आहेत, बाबा. त्यांचा बाप घरी बसला तर ताई कुणाच्या दारात जाईल?"

"आपल्या!"

"आपलं दार केवढं, ते तुम्हीच मोजा."

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, चुकून झालं. समजबिमज काही नाही, सरळ काढून टाकलं. कागदावर सही जावयाची. चोर सोडून संन्याशाला फाशी. फाइल कारखान्यातच राहिली आणि तिच्याच जोरावर जावई आणखी वर चढला.

धाकट्याला मोठ्या कारखान्यात कुणी उभं केलं नाही. "भोकंवाला" हे नाव त्याच्या आधी पोचायचं. शेवटी एका शेडमध्ये लागला, फाटकांच्या बिजागऱ्यांचे नकाशे काढायला. एक बिजागरी, एक नकाशा.

जुळी चालायला लागल्यावर थोरली त्यांना घेऊन आली. बोलता बोलता म्हणाली, "रागावू नकोस हं, पण थोडं लक्ष दिलं असतंस तर आज यांच्या जोडीला असतास. तुझ्यापायी यांना किती ऐकून घ्यावं लागलं, माहितेय?"

मी तोंड उघडलं. धाकट्याने माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, दाबून.

"हो गं ताई," तो म्हणाला, "लक्षच नव्हतं माझं." आणि भाच्याला पाठुंगळी घेऊन बाहेर गेला.

त्यानंतर त्या विषयावर आमच्या घरात कुणी बोललं नाही. तोही नाही.

माझ्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं त्या वर्षी, हिवाळ्यात, एका सोमवारी सकाळी माझा धाकटा मुलगा वारला. शेडवर निघाला होता. उंबऱ्यात बसला आणि तसाच कलंडला. एका बुटाची नाडी बांधून झाली होती.