अकरा सॉकेट

रविवारी सकाळी शेजारच्या इंदुमतीकाकू दारात येऊन म्हणाल्या, "लीला, वरचे चक्रवर्ती बाथरूममध्ये मासे धुतात की काय गं? आमच्याकडे नुसता मासळीचा वास. गिझर लावला की हमखास येतो."

"गिझर लावल्यावरच?" लीलाबाईंच्या मुलीने, सरोजने आतून विचारलं.

"हो ना. नेमकी तीच वेळ सापडते त्यांना."

लीलाबाई हसल्या. सरोजला हसू आलं नाही. ती यंदाच भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती, आणि सॉकेटचं पांढरं प्लास्टिक फार तापलं की मासळीसारखा वास सोडतं हे तिला ठाऊक होतं. हातातला चहा तसाच ठेवून ती काकूंच्या मागोमाग गेली. गिझर बंद करून दहा मिनिटं झाली होती, तरी सॉकेटला बोटांची मागची बाजू टेकवली तेव्हा चटका बसला. एका भोकाभोवती तपकिरी कडं उमटलं होतं.

"काकू, हा आता लावायचा नाही. पाणी स्टोव्हवर तापवा."

"अगं, पण हे तर तुझ्या बाबांनीच बसवलंय."

तेच तिला आठवायला नको होतं.

तिचे बाबा, नीळकंठराव, कारखान्यात मोजमापाची यंत्रं दुरुस्त करत. अठ्ठावीस वर्षं सोल्डरिंगच्या कामात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. तीन वर्षांपूर्वी टाऊनशिपमधल्या क्वार्टर्सची जुनी ॲल्युमिनियमची वायर निघाली आणि बारीक तारांची तांब्याची आली. मेंटेनन्सवाले टोकाला नुसता पीळ देऊन ती स्क्रूखाली दाबत होते. नीळकंठरावांना ते बघवेना. त्यांनी ओळखीच्या अकरा घरांत जाऊन गिझरची सॉकेटं उघडली, प्रत्येक टोकाला वितळलेलं कथील पाजलं, टोक काडीसारखं ताठ केलं आणि मग बसवलं. लोक अजून नाव काढत होते.

सरोज घरी आली, स्वयंपाकघरात गेली, बाहेर आली, बाथरूमच्या दाराशी थांबली. नीळकंठराव पेपर वाचत होते.

"बाबा, काकूंचं सॉकेट जळायच्या बेतात आहे."

"सॉकेट भंगार असेल. जोड माझा आहे."

"टोकाला कथील लावलंत ना?"

"लावणारच. वायरीतली एक तार बाहेर राहिली तरी ठिणगी उडते. माझ्या हातची एक सुटलेली दाखव."

"तार सुटत नाही हो. कथील सरकतं. मऊ असतं ते, स्क्रूचा दाब कायम राहिला की हळूहळू पसरतं. मग पकड ढिली पडते, तिथं तापतं, आणि तापलं की आणखी पसरतं."

"पुस्तकात असेल."

"पुस्तकातच आहे. घरात आहे का ते बघू."

तिने मेन स्विच बंद केला, टेस्टर लावून खात्री केली, बाथरूमच्या सॉकेटचं झाकण काढलं आणि स्क्रूड्रायव्हर त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच फिरवा."

काही जोर न लावता स्क्रू अर्ध्या फेऱ्याहून जास्त आत गेला.

"दसऱ्याला हत्यारांची पूजा केली, तेव्हा मीच आवळला होता," ते म्हणाले.

मग न सांगता ते स्वयंपाकघरात गेले आणि तिथलं सॉकेट उघडलं. ते मेंटेनन्सच्या सुभाषने बसवलं होतं, नुसता पीळ देऊन. स्क्रू जागचा हलला नाही. त्यांनी दुसऱ्यांदा जोर लावून पाहिला.

"ह्या सुभाषला मी हमाल म्हणायचो," ते म्हणाले.

"बाबा, अकरा घरं आहेत. आज रविवार, सगळे आत्ता आंघोळी करताहेत."

"उद्या मेंटेनन्सला चिठ्ठी देतो."

"ते येतील, टोकाचं कथील बघतील आणि म्हणतील, नीळकंठरावांचं काम आहे, हात लावू नका."

नीळकंठरावांनी हत्यारांची पिशवी आणि दोन नवी सॉकेटं उचलली.

काकूंकडे त्यांनी मेन बंद करून कथलाची टोकं कापली. आतलं वेष्टन काळं पडलं होतं. स्वच्छ तांबं दिसेपर्यंत ते मागे मागे कापत गेले. तारांना त्यांच्याच पिळाच्या दिशेने वळसा दिला, टोक दुमडून जाड केलं, एकही तार बाहेर राहू न देता नव्या सॉकेटमध्ये सरकवलं. स्क्रूखाली वेष्टन आलेलं नाही हे पाहून तो आवळला आणि वायर ओढून बघितली.

"काय झालं होतं हो?" काकूंनी विचारलं.

"जुनं झालं होतं सॉकेट."

सरोजने त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी पिशवी आवरायला घेतली.

पुढचं दार हेमंतचं. आत गिझर चालू होता, त्याची आई आंघोळीला बसायच्या तयारीत होती.

"हेमंत, मेन बंद कर जरा. सॉकेट बघायचंय."

"काका, ते तुम्हीच तर केलंय. त्याला काय होणार?"

"तरी बघतो. जुनं झालंय."

"तीन वर्षांत? तुमचं काम पंचवीस वर्षं चालेल, मी सगळ्यांना सांगतो. आईला थंडीत ताटकळवू नका हो. शाम को देख लेना, चहा घ्या आधी."

त्याने खुर्च्या पुढे ओढल्या. आतून पाणी तापण्याचा घूं घूं आवाज येत होता. सरोज उभीच राहिली. खरं काय ते तिच्या ओठांवर आलं होतं, पण हे तिने बोलून भागणार नव्हतं. नीळकंठराव बसले, लगेच उठले.

"हेमंत, माझं काम आहे म्हणूनच उघडतोय. मी चूक केली. कथील लावायला नको होतं, त्याने स्क्रू ढिले पडतात. काकूंच्या घरी आग लागायची राहिली. आईला बाहेर बोलव आणि मेन बंद कर."

हेमंतने त्यांच्याकडे बघितलं, मग सरोजकडे. "तुम्ही चूक केली?"

"अकरा घरांत. आधी बंद कर, मग काय ते विचार."

तो गेला. घूं घूं थांबली. नीळकंठरावांनी टेस्टर बाहेर काढला.

तिसऱ्या दारात त्यांनी चपला काढायच्या आधीच सांगून टाकलं.