शीतलने विरवलेली लाट

मी शीतलचा संगणक बोलतोय. माझ्या पंख्याच्या घरघरीकडे लक्ष देऊ नका, माझं ऐका. वेळ थोडा आहे.

माझा जन्म जालन्याला, मस्तगडातल्या अबुबकरच्या दुकानात झाला. जुने-नवे भाग जोडून त्याने मला उभं केलं आणि विचारलं, "गेम खेळायला का, ताई?"

"न्हाई. समुद्र चालवायचाय," शीतल म्हणाली. तो बिचारा माझ्याकडेच संशयाने बघत राहिला.

तिने मला आपल्या गावी, तीर्थपुरीला आणलं. विषुववृत्तावरच्या सागरी लाटा हा तिचा अभ्यास. या लाटा डोळ्यांना दिसत नाहीत. प्रशांत महासागराच्या पोटातून उबदार पाणी महिना-दोन महिने पूर्वेकडे सरकत राहतं. ते पलीकडच्या किनाऱ्याला भिडलं, की पुष्कळदा आपल्याकडचा पाऊस रुसतो. वारा, खोली, घर्षण असे आकडे ती मला देते आणि लाट कुठवर जाईल ते मी मांडतो. समुद्र आम्हा दोघांनीही पाहिलेला नाही.

तिचे वडील बद्रीनाथ मोसंबीवाले. मृग बहारासाठी उन्हाळ्यात बागेचं पाणी तोडतात. झाडं पानं गाळतात आणि पावसावर फुलतात. याला ताण देणं म्हणतात; ताण नाही, तर फूल नाही. पाऊस आलाच नाही, तर ताणावरची झाडं वाळून जातात.

गेल्या वर्षी मी म्हणालो, लाट पोहोचेल. पोरीच्या शब्दावर बद्रीनाथांनी ताण दिला नाही. पाऊस मात्र धो धो पडला. साऱ्या शिवारात फळ लगडलं, आमचीच बाग रिकामी. लोक विचारायचे, "बद्रीनाथ, पोरीचा समुद्र आटला का?" ते हसण्यावारी न्यायचे. शीतलने मात्र गावात जाणंच सोडलं.

यंदा उन्हाळ्यात मी पुन्हा तेच सांगितलं. मग तिने घर्षणाचा आकडा वाढवला. त्याला कारण काही नव्हतं, भीती होती. माझ्या पडद्यावरची लाट अर्ध्या समुद्रात विरली. मला राग आला, पण सांगितलेलं करणं माझ्या हाडातच आहे.

बद्रीनाथ दारात आले. "काय म्हणतंय गं तुझं मशीन? पानी तोडू का?"

"तोडा, आबा. बराबर पडंल पाऊस."

"बघ बरं. तुझ्या आईनं लावलेली झाडं हायेत."

"व्हय," ती म्हणाली. माझ्याकडे बघत म्हणाली, त्यांच्याकडे नाही.

आता बाग उघडी पडलीय. मृग लागून गेला, आभाळ कोरडंच आहे. आज उपग्रहाने मोजलेली समुद्राची उंची माझ्याकडे आली. पलीकडच्या किनाऱ्याला पाणी फुगलंय, म्हणजे खरी लाट पोहोचलीय. शीतलने तो नकाशा पाहिला आणि माझा पडदा बंद केला. तेव्हापासून ती गुडघ्यांत डोकं घालून बसलीय.

बाहेर बद्रीनाथांचा आवाज येतोय. शेजारच्या भिवाची कपाशी सुकून चाललीय.

"घेऊन जाय की रे आमच्या शेततळ्यातलं पानी. समदं घे. आपला पाऊस येऊन राह्यलाय, शीतलनं सांगितलंय."

शीतल, ऊठ गं बाई. मला तोंड नाही, तुला आहे. बाग जगवायला तेवढंच पाणी उरलंय. जा, आबांना खरं सांग. भिवाने मोटार सुरू केलीय.