फॉल म्हणजे काय

कांताबाई जाऊन सव्वा महिना झाला होता, तेव्हा साजिया वही घेऊन दारात उभी राहिली. कांताबाई माझी पत्नी. ती गेल्यापासून मुलांच्या शिकवण्या मी बंद ठेवल्या होत्या. फार दुःख होत होतं असंही नाही. काहीच होत नव्हतं. चहा गार झाला की तो गार झाला, एवढंच कळायचं.

मस्तगड या आमच्या वस्तीत, मागच्या गल्लीत, साजियाची आई, इमामबी, साड्यांना फॉल-पिको करून देते. साजिया बी.ए.ला इंग्रजी घेऊन शिकते. तिचा एक पेपर राहिला होता आणि सोमवारी तो पुन्हा होता. या खेपेलाही राहिला तर कॉलेज पुरे, असं तिच्या वडिलांनी, गुलाम नबींनी, सांगून टाकलं होतं. हे तिने खाली बघत सांगितलं. मी ये म्हणालो, कारण नको म्हणायलाही काही सुचलं नाही.

पेपर एका जुन्या इंग्रजी महाकाव्यावर होता. पहिला पुरुष, पहिली स्त्री, देवाची बाग, मनाई केलेलं फळ आणि मग दोघांची बागेबाहेर रवानगी. आदम-हव्वाची गोष्ट तिला घरूनच ठाऊक होती, त्यामुळे दोन दिवस बरे गेले. तिसऱ्या दिवशी मी तिची वही वाचली. 'माणसाचा फॉल' या मथळ्याखाली तिने लिहिलं होतं की, देवाने माणसाला आतून एक पट्टी लावली. ती बाहेरून दिसत नाही, पण तिच्यामुळे माणूस नीट राहतो.

कांताबाई असती तर तोंडाला पदर लावून हसली असती. मला हसू आलं नाही. आलं नाही, हे मात्र कळलं.

चूक दिसली की लगेच लाल पेन उचलायचं नाही, आधी मूल तिथे कसं पोचलं ते विचारायचं, ही माझी जुनी सवय. मी विचारलं, फॉल लावतात कसा? तिने नीट सांगितलं. आधी पाण्यात भिजवायचा, वाळवायचा, इस्त्री करायची, मग टाके. कोरा लावला तर पहिल्याच धुण्यात आटतो आणि साडीचा काठ वर ओढला जातो.

मग मी सांगितलं की इथे फॉल म्हणजे पडणं. देवाचा हुकूम मोडला आणि माणूस होता तिथून खाली आला. तिने जीभ चावली, मजकूर खोडायला घेतला आणि थांबली.

"पण सर, माणूस असा आटणार म्हणून बनवणाऱ्याला माहीत होतं ना?"

"कवी म्हणतो, होतं."

"मंग पहिलेच भिजवून का न्हाई घेतलं? फॉल आटला तर अम्मी साडीला बोल लावत न्हाई. उसवून पुन्हा लावून देती."

मी कवीची बाजू सांगितली. देवाने दोघांना मोकळं ठेवलं होतं. बांधून ठेवलेल्याने ऐकलं तर त्या ऐकण्याला किंमत काय? तिला ते निम्मंच पटलं. आपला प्रश्न पेपरात लिहू का, असं तिने विचारलं. मी म्हणालो, आधी कवीचं म्हणणं पूर्ण लिही, शेवटच्या चार ओळी तुझ्या.

"मार्क कटले तर?"

"कटू शकतात, बेटा. त्याची हमी मी देणार नाही."

त्यावर ती उठली. वही मिटून गेली.

निकाल लागला त्या संध्याकाळी बाप-लेक दोघं आली. अठ्ठावन्न मार्क पडले होते. चार ओळी लिहिल्यास का, असं मी विचारलं.

"सहा झाल्या, सर."

गुलाम नबी पायरीवरच उभे होते. पुढच्या वर्षाचं इंग्रजी याहून अवघड असतं का, एवढंच त्यांनी विचारलं. म्हणजे कॉलेज चालू राहणार होतं. मी म्हणालो, असतं थोडं.

साजिया माझ्याकडे बघत होती. "तुम्हाला खुशी न्हाई झाली का, सर?"

"झाली असेल. हल्ली मला उशिरा कळतं."

तिने मान हलवली. गल्लीतली लहान पोरं विचारून राह्यलीत, शिकवणी कधी सुरू होणार, असं तिने सांगितलं. मी घड्याळाकडे बघितलं, ते का बघितलं कोण जाणे, आणि उद्या चारला पाठव म्हणालो.