डाव्या बाजूची मोटर

पानियाच्या बापाने, रावीरीने, टोकोरोआ गावात उभी हयात लोकांच्या गाड्यांचे पोचे काढण्यात घालवली. स्वतःच्या गाडीसाठी मात्र त्याला एकच चैन हवी होती. त्याच्या टिल्ल्या स्टार्लेटचे पुढचे दिवे बॉनेटमध्ये मिटून बसावेत आणि बटण दाबलं की दोन्ही एकदम वर यावेत. तसं चित्र काढून त्याने गॅरेजच्या भिंतीवर कधीचं चिकटवलं होतं. लोक हसायचे. तो हसणाऱ्यांच्याही गाड्या नीट करून द्यायचा. आता डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की येत्या हिवाळ्यानंतर त्याला उजेड आणि अंधार एवढंच कळेल. हिवाळ्याच्या आत ते दिवे वर आलेले बापाला दिसले पाहिजेत, हे पानियाने ठरवून टाकलं. ती शाळेची बस चालवायची, आणि पन्नास पोरांना गप्प बसवणारी बाई एकदा ठरवते तेव्हा तिच्या वाटेला कोणी जात नाही.

बॉनेट कापून झालं होतं, तारा ओढून झाल्या होत्या. अडलं होतं दिवे उचलणाऱ्या मोटरींपाशी. असेच मिटणारे दिवे असलेल्या जुन्या अस्टिना गाडीच्या मोटरी चपखल बसत होत्या, पण जोडी एकाच गाडीची हवी. वेगळ्या गाड्यांच्या मोटरी मागेपुढे उठतात, आणि असल्या बदललेल्या गाड्या तपासणारा माणूस इतका खडूस की एक दिवा जरा मागे राहिला तरी गाडी पास करणार नव्हता. पानियाने अर्ध्या बेटाला फोन केले. अस्टिना कधीच्या भंगारात जाऊन संपल्या होत्या.

रावीरीला तिने भंगार गाड्यांच्या यार्डात जायची बंदी घातली होती. मागे त्याने न दिसणाऱ्या पत्र्यावर तळहात फाडून घेतला तेव्हापासून. तो चार दिवस फुगून बसला, मग गप्प झाला. शुक्रवारी जेवताना मात्र सहज म्हणाला, हॅमिल्टनच्या यार्डात एक चक्कर टाक, आणि गंज सोडवायचं तेल ने बरोबर.

शनिवारी ती गेली. आणि खरंच, मागच्या रांगेत एक निळी अस्टिना उभी होती. पानियाने धावत जाऊन तिचं बॉनेट उघडलं. पण डावी मोटर जागेवर नव्हती. उजवी होती, तिचे बोल्ट कोणीतरी पाना घसरवून घसरवून पार गोल करून ठेवले होते.

"कुठल्या आंधळ्याने हात लावला होता हिला?" ती स्वतःशीच करवादली.

तेल ओतून, पक्कड लावून, बोटं सोलून घेत तिने उजवी सोडवली. मग फाटकावरच्या डेसला डावीबद्दल विचारलं.

"ती बाहेर गेली नाही, पोरी," डेस म्हणाला. "फाटकातून जे जातं ते मला दिसतं. पण सोमवारी ती सगळी रांग दाबायच्या मशीनखाली जाणार आहे."

म्हणजे कोणीतरी ती आवारातच लपवली होती. यात नवल काहीच नव्हतं. आज न्यायला जमलं नाही की सुटा भाग दुसऱ्याच गाडीत दडवायचा आणि पुन्हा यायचं, हे सगळेच करायचे. तिला तर ते लहानपणी बापानेच शिकवलं होतं. ज्या गाडीकडे कुत्रंही बघणार नाही ती निवडायची आणि मागच्या सीटखाली ठेवायचं.

यार्ड बंद व्हायला फार वेळ नव्हता. पानियाने रांगेतल्या सगळ्यांत रटाळ गाड्या शोधायला घेतल्या. एकीत उंदरांचं घर निघालं, एकीत कुणीतरी दडवलेला कार्ब्युरेटर. शेवटी एका पांढऱ्या कुटुंबवत्सल व्हॅनची सीट उचलली तर खाली लाल जर्सीत गुंडाळलेली मोटर. जर्सीच्या बाहीला हिरव्या दोऱ्याने ठिगळ लावलेलं होतं. बापाच्या जर्सीला ते तिनेच लावलं होतं, लाल दोरा मिळाला नव्हता म्हणून.

पानियाने त्या ठिगळावरून अंगठा फिरवला. मघाशी आपण कोणाला आंधळा म्हणालो ते तिला कळलं, आणि तिला स्वतःचीच शरम वाटली.

परतीच्या वाटेवर तिने झाडून सगळं भांडण तयार केलं. यार्डात कोणी नेलं, सेल्विनकाकाने ना, त्यालाही बघून घेते, वगैरे. घरी रावीरी गॅरेजच्या दारात, उन्हाकडे तोंड करून बसला होता. तिने जर्सीसकट मोटर त्याच्या मांडीवर ठेवली. त्याने बाहीचं ठिगळ चाचपलं.

"उजवीचे बोल्ट कोणी खाल्ले रे, बाबा?"

"असेल कोणी आंधळा."

पानिया त्याच्याशेजारी टेकली. "मला सांगायचं होतंस की."

"सांगितलं असतं तर उजवी मला जमली नाही हेही सांगावं लागलं असतं." त्याने मोटर उलटीसुलटी करून पाहिली. "डावी हाताने चाचपत काढली. उजवीला दम संपला, आणि सेल्विन घाई करत होता. सीटखाली तू बघशील हे ठाऊक होतं."

पानियाने डोळे पुसले आणि बापासाठी गॅरेजमधला दिवाही लावला. ऊन अजून आत येत होतं. डावी मोटर तिने बॉनेटखाली जागेवर धरली, बापाचा हात बोल्टवर नेऊन ठेवला आणि पाना त्याच्याकडे दिला.

"आवळ तूच," ती म्हणाली. "मी धरते."

रावीरीने पाना बसवला, एकदा घसरला, पुन्हा बसवला, आणि आवळत राहिला.