गुलाबाच्या काडीवरची बरणी

मी एक जुनी काचेची बरणी आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एक पत्र ठेवलेले असे आणि साडेतीन वर्षे त्या पत्राला उत्तर गेले नव्हते. उत्तर द्यायचे होते माझ्या मालकाने, होझियाने. पण पत्र सांभाळत मी बसले होते, म्हणून असेल, अपराधी मलाच वाटे. बरणी काय करू शकते, असे तुम्ही विचाराल. काहीच नाही. तेच मला सांगायचे आहे, आणि ते नीट सांगता येईल की नाही याचीही मला शंका आहे.

माझा जन्म भट्टीत झाला. वितळलेल्या वाळूचा गोळा साच्यात घालून कोणीतरी फुंकर मारली आणि मी झाले. फुंकणाऱ्याचा अंदाज थोडा चुकला असावा, कारण माझ्या कुशीत एक बारीक बुडबुडा राहून गेला. पेंढ्यात गुंडाळून, अकरा बहिणींबरोबर, रेल्वेने मी पूर्व टेक्सासात आले आणि होझियाच्या आईच्या स्वयंपाकघरात राहू लागले. सगळी वस्ती तिला मिस डोवी म्हणे; तिकडे लग्न झालेल्या थोरल्या बाईलाही आदराने मिस म्हणतात.

दर जूनमध्ये मिस डोवी माझ्यात पीचच्या फोडी पाकात घालून भरायची. झाकण बसले की त्यावर चमचा वाजवून कान लावायची. आवाज खणखणीत आला, म्हणजे झाकण हवाबंद बसले, की म्हणायची, "शहाणी गं माझी." बद्द आला तर पुन्हा उकळत्या पाण्यात. ऑगस्टमध्ये चर्चच्या अंगणात मोठे जेवण असे. तिथे एकदा पाद्रीबुवांनी मला उन्हात धरले आणि विचारले, "मिस डोवी, हे पीच आहेत की दिवे?" तो माझ्या आयुष्यातला सर्वांत मोठा मान. त्यानंतर तसे कोणी काही म्हटले नाही.

कारण पुढच्याच वर्षी नऊ वर्षांच्या होझियाने मला पंपाखाली धुताना नळावर आपटले. माझ्या काठाचा टवका उडाला. झाकण आता घट्ट बसणार नव्हते. मुलगा रडू लागला. त्याची मोठी बहीण ओरेलिया कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "बडच्या हातात दगड दिला तरी तो फोडून आणेल." घरात होझियाला बड म्हणत. मिस डोवीने मला उचलले, टवक्यावरून बोट फिरवले आणि म्हणाली, "रडू नको, बड. हिच्यात पीच राहणार नाहीत. पण उपडी घातली तर हिला काय झालंय?"

अशी मी उपडी झाले.

ऑक्टोबर संपत आला आणि उन्हाची धग गेली की मिस डोवी वेलीच्या गुलाबाची एक काडी कापायची, पेन्सिलीएवढी, नुकतेच फूल येऊन गेलेली. खालची पाने काढून ती काडी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, अर्ध्या सावलीत मातीत खोचायची. पाणी घालून वर मला उपडी घालायची आणि काठाभोवती माती दाबायची. एवढेच काम. मग म्हणायची, "आता ईस्टरपर्यंत हिला कोणी हात लावला, तर हात माझ्याकडे ठेवून जावं लागेल." आणि ती खरोखर विसरून जायची. आत दव साचे, निथळे, पुन्हा साचे. मी ऊब धरून बसे. वसंतात काडीला तांबूस पालवी फुटलेली असे. वस्तीतल्या कितीतरी दारांवरचे लाल गुलाब माझ्या पोटात वाढले आहेत.

त्यातला पहिला मात्र लाल नव्हता. मिस डोवीच्या आईच्या दारातली ती काडी होती. फिका गुलाबी रंग, काटे भरमसाट, आणि वास असा की रस्त्यावरून जाणारा माणूस मागे वळून पाही. तो वेल गेटवर चढला. त्याचे नाव कोणालाच ठाऊक नव्हते. आम्ही त्याला 'गेटवरचा' म्हणत असू. त्याची काडी कधी कोणी मागितली नाही. लोकांना लाल हवे असत.

ओरेलिया लग्न करून दूर कॅन्सस सिटीला गेली. होझिया वस्तीच्या शाळेत मास्तर झाला आणि घरीच राहिला. मिस डोवी गेली तेव्हा ओरेलियाला येता आले नाही. होझियाने तिला कधी त्याबद्दल विचारले नाही. तो कोणालाच काही विचारत नसे. त्यानंतर कितीतरी वर्षे मी फळीवर पालथी पडून होते. माझ्यात कोळी राहत असे.

मग एका वसंतात ते पत्र आले. उंदरांपासून जपून ठेवायला त्याने ते माझ्यात घातले. पण दर रविवारी तो ते बाहेर काढून मोठ्याने वाची, म्हणून मला ते पाठ आहे.

"प्रिय बड, तू जिवंत आहेस असं मिस क्लेमी कळवतात, म्हणून लिहिते. माझे डोळे चालले. डॉक्टर म्हणतात, दोन वर्षं, फार तर तीन. नाक मात्र शाबूत आहे. आईच्या गेटवरच्या गुलाबाची एक काडी रुजवून मला पाठव. माझ्या दाराबाहेरच्या पायरीशी लावीन. वास आला की कळेल, आता पाऊल खाली टाकायचं. तुझ्या हातून होईल ना? ओरेलिया."

त्या शेवटच्या प्रश्नाने होझियाचा घात केला. दुसऱ्या कोणी लगेच लिहिले असते, 'बघतो.' होझियाने ठरवले, काडी रुजली की तीच उत्तराबरोबर पाठवायची.

पहिल्या शरदात त्याने पत्र माझ्यातून काढून खिशात ठेवले आणि अगदी आईसारखे सगळे केले. चांगली काडी, चांगली माती. तिसऱ्या दिवशी तो आला, गुडघे टेकले आणि त्याने मला उचलले. फक्त पाहण्यासाठी. आतली सगळी ऊब आणि सगळे दव एका क्षणात निघून गेले. त्याने मला पुन्हा ठेवले. दोन दिवसांनी पुन्हा आला. मित्रांनो, तो निष्काळजी नव्हता. निष्काळजी असता तर काडी जगली असती! त्याला स्वतःचा भरवसा नव्हता, म्हणून तो येई. नाताळच्या आत काडी काळी पडली.

दुसऱ्या शरदातही तेच झाले.

तिसऱ्या शरदात त्याने पाच आठवडे दम धरला. माझ्या आत काय चालले होते ते मला कळत होते. काडीच्या बुडाशी केसासारखी दोन पांढरी मुळे आली होती. मला ओरडावेसे वाटत होते. सहाव्या आठवड्यात तो आला, त्याने मला बाजूला ठेवले आणि रुजली का हे पाहायला काडी चिमटीत धरून हळूच ओढली. ती वर आली. मुळे तुटल्याचा आवाज होत नाही. तो ती दोन पांढरी सुते तळहातावर घेऊन कितीतरी वेळ बसला आणि एवढेच म्हणाला, "रुजली होती."

त्यानंतरच्या उन्हाळ्यात अडीच महिने पाऊस पडला नाही. गेटवरचा वाळला. पन्नाशी उलटलेला तो वेल शरदात एका बाजूने हिरवा होता, तोही एकाच फांदीपुरता. त्या फांदीला एक फूल आले आणि गळले. एका काडीपुरते लाकूड उरले होते. होझिया कात्री घेऊन तीन दिवस गेटपर्यंत जाऊन परत आला. चौथ्या दिवशी त्याने काडी कापली, लावली, वर मला ठेवले आणि समोर खुर्ची मांडून बसला.

शेजारच्या मिस क्लेमी गेटातून आल्या. मिस डोवीची ही मैत्रीण आता नव्वदीला टेकली आहे आणि काठी टेकायला नव्हे, दाखवायला वापरते.

"काय ब्रदर होझिया, काडीची शिकवणी घेताय?"

"नजर ठेवतोय, मिस क्लेमी. ही शेवटची."

"अंड्यावरच्या कोंबडीला दर तासाला उठवून 'झालं का गं' विचारलं, तर पिल्लू होईल का आम्लेट?"

होझिया हसला नाही. मिस क्लेमीही मग पायरीवर बसल्या.

"ओरेलियाच्या शेजारणीचं पत्र आलंय. ती पडली. पायरीवरूनच. मनगट मोडलंय."

"तिला काहीच दिसत नाही आता?"

"उजेड आणि अंधार, एवढंच. आणि ऐक, बड." एरवी त्या चर्चच्या रीतीने त्याला ब्रदर म्हणत; इतक्या वर्षांत मिस क्लेमींनी त्याला बड म्हटलेले मी प्रथमच ऐकले. "तिला वाटतं, तू रागावलायस. आईला माती द्यायला ती आली नाही, म्हणून तू उत्तर देत नाहीस."

होझिया खुर्चीतून उठला आणि पुन्हा बसला. "राग? मी? मिस क्लेमी, मला तर... रुजली की लिहिणार होतो. तिला काय लिहू? तिनं एक गोष्ट मागितली आणि मी तीन वेळा मारली, हे लिहू?"

"हे लिही."

"ती हसेल."

"हसू दे की! साडेतीन वर्षं ती पोर अंधारात बसून रडतेय, एकदा हसेल."

ती पोर सत्तर वर्षांची होती. जाताना मिस क्लेमींनी खुर्ची उचलून आत ठेवली आणि काठी माझ्याकडे रोखून म्हणाल्या, "हिला उचलावंसं वाटलं की आत जायचं आणि बहिणीला एक ओळ लिहायची. हातांना काहीतरी काम पाहिजे ना तुझ्या? ते घे."

दुसऱ्याच सकाळी तो आला. त्याचा तळवा माझ्यावर टेकला. मी त्या वेळी काय काय इच्छा केल्या! जमिनीला चिकटून बसावे, जड व्हावे, त्याच्या हातातून निसटावे. पण बरणी जिथे ठेवतील तिथे असते आणि उचलतील तेव्हा उचलली जाते. तळवा बराच वेळ तसाच होता. माझी काच तेवढ्यापुरती गरम झाली. मग तो उठला. खिडकीतून खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि थोड्या वेळाने कागद फाटल्याचा.

मास्तर माणूस. आयुष्यभर मुलांच्या वह्या तपासल्या, आता स्वतःच्या ओळी तपासून फाडू लागला. 'प्रिय ओरेलिया, तुझे पत्र पोहोचले' हे वाक्य त्याने इतक्या वेळा वाचले आणि फाडले की मला वाटले, पत्र कधी पुढे जाणारच नाही. पण हात शिवशिवत होते. दिवसातून चार-चार वेळा तो येई, उभा राही, आत जाई. नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणापर्यंत पाने साठू लागली.

आणि एकदा त्याने मला उचललेच. लपवत नाही. डिसेंबरात, पहिले गोठलेले दहिवर पडले त्या सकाळी. दोन बोटे उंच, डोळे मिटून. गार हवा आत शिरली. मग त्याने मला परत ठेवले आणि दोन्ही हातांनी माती इतकी दाबली की माझा टवका दुखल्यासारखा झाला. त्या दिवशी तो खूप लिहीत बसला होता.

जानेवारीत मिस क्लेमी पुन्हा आल्या. मी आतून धुरकट झाले होते. काडी हिरवी होती, पण हिरवी काडी म्हणजे रुजलेली काडी नव्हे. हिरवेपण काही काळ उसनेही असते. पालवी नव्हती. या वेळी मुळे आली आहेत का, ते मलाही कळत नव्हते. तीन काड्या माझ्याच पोटात मेल्यावर मी माझ्या अंदाजावर विश्वास ठेवणे सोडून दिले आहे.

"पत्र झालं?" मिस क्लेमींनी विचारले.

"झालं. पालवी फुटली की टाकतो."

"आणि नाही फुटली तर?"

दोघेही माझ्याकडे पाहत उभे राहिले. मला त्या क्षणी काचेची लाज वाटली. सगळे दाखवते आणि हवे तेच दाखवत नाही.

"वाचून दाखवू?" तो शेवटी म्हणाला. त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. पत्र लांब होते, ते सगळे मी सांगत नाही. त्यात आईचे शेवटचे दिवस होते, कोणी कोणते भजन म्हटले ते होते, तीन काड्यांचा कबुलीजबाब होता. तिथे मिस क्लेमी इतक्या हसल्या की त्यांना कठड्याला धरावे लागले. शेवट असा होता:

"मी तुझ्यावर कधीच रागावलो नव्हतो. चौथी काडी आईच्या बरणीखाली आहे. जगेल की नाही, मला माहीत नाही. उपटून पाहिलेलं नाही. ईस्टरनंतर मी येतो. रोप असेल तर घेऊन येईन, नसेल तर नुसताच येईन आणि पायरीवर बसेन. तू बाहेर पडलीस की सांगेन, ओरेलिया, आता पाऊल खाली. तुझा बड."

मिस क्लेमी हसायच्या थांबल्या होत्या. त्यांनी नाक पुसले आणि म्हणाल्या, "शुद्धलेखन तपासत बसू नकोस आता."

मित्रांनो, मी फुटकी बरणी. तुम्हाला उपदेश करण्याची माझी पात्रता नाही. तरी एक विनंती करते. एखादी गोष्ट मातीखाली आपल्या परीने धडपडत असेल, तेव्हा तिला झाकून ठेवा आणि तुमचा हात दुसऱ्या कामाला लावा. आणि कोणी वाट पाहत असेल, तर चांगली बातमी हाती येईपर्यंत थांबू नका. नुसते 'मी इथे आहे' एवढेच कळवा. मला ते कळवता आले नसते. तुम्हाला येते.

आज सकाळी होझिया कोट घालून बाहेर पडला. माझ्याजवळून गेला, पण वाकला नाही. गेटवरच्या वाळक्या वेलाखालून तो रस्त्याकडेच्या आमच्या टपालपेटीशी गेला, पाकीट आत ठेवले आणि पेटीचे लाल पत्र्याचे निशाण उभे केले. ते उभे दिसले की टपालवाला थांबतो, आतले पत्र घेतो आणि निशाण आडवे करतो. मग उघडून पाकीट आहे ना ते पाहिले. पुन्हा बंद केले. पुन्हा उघडण्यासाठी हात वर गेला आणि तसाच खाली आला. तो घरात गेला.

नऊच्या सुमारास टपालवाल्याची गाडी थांबली. धुरकट काचेतून मला नीट दिसले नाही. पण गाडी निघून गेली तेव्हा निशाण आडवे झालेले होते.